बशीरभाईंची लाडकी कळ

मी एफ-फाइव्ह बोलतेय. की-बोर्डच्या अगदी वरच्या रांगेतली. तुम्ही मला ओळखता. इंटरनेटवरचं पान अडलं की तुमचं बोट सगळ्यात आधी माझ्याकडेच येतं. मला दाबलं की समोरचं पान टाकून दिलं जातं आणि तेच पान पहिल्यापासून पुन्हा मागवलं जातं. एवढंच माझं काम. कधी दाबायचं ही अक्कल दाबणाऱ्यानं चालवायची असते. ती कुणी चालवली नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा वास आणि एस.टी.च्या टपावरचा प्रवास. दोन हजार सात साली मी गडचिरोलीत बशीरभाईंच्या सायबर कॅफेत उतरले.

बशीरभाई मूळचे टायपिंग मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी टाइपरायटर शिकवला होता. टाइपरायटरवर अक्षर उमटलं नाही की पुन्हा जोरात मारायचं, हा त्यांच्या आयुष्याचा नियम. मशीन बदललं, धंदा बदलला, नियम तोच. पान यायला उशीर झाला की टक. लाइन मंद झाली की टक. गिऱ्हाईक समोर बसलं असेल तर दोनदा टक, म्हणजे मास्तर काहीतरी करतायत असं त्याला वाटावं. माझ्यावरचा पाच पुसून गेला.

त्यांची मुलगी महेक कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती कधी माझ्याकडे वळली की आधी स्क्रीनकडे नीट बघायची. त्या घरात तेवढी एकच माझी कदर करणारी.

त्या दिवशी धानोऱ्याकडच्या एका खेड्यातून हेमराजभाऊ आले, सोबत त्यांची उर्वशी. तिनं नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता. यादी लागली होती. ज्याचं नाव असेल त्यानं संध्याकाळपर्यंत कागद घेऊन चंद्रपूरच्या शाळेत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. कागदांची पिशवी उर्वशीनं छातीशी धरली होती. नाव दिसलं की तशीच चंद्रपूरच्या बसमध्ये बसायची तिची तयारी होती.

पान उघडलं. वर निळी पट्टी आली, समईचं चित्र आलं, संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो आला. खाली यादीच्या जागी पांढरं.

"साइट हँग हाय," बशीरभाई म्हणाले. टक.

पुन्हा पट्टी, समई, फोटो. खाली पांढरं. टक.

अशा पानांची रीत मला ठाऊक होती. आधी नुसता सांगाडा येतो. मग तो सांगाडा मागच्या मागे यादीसाठी वेगळा निरोप धाडतो आणि यादी आली की रिकाम्या जागेत बसवतो. आमच्या टेलिफोनच्या लाइनवर ती यादी बैलगाडीनं यायची. अर्ध्या वाटेवर पोचली की बशीरभाई मला दाबायचे आणि मी तिला माघारी पाठवायची. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकावेत आणि रुजले का म्हणून घडीघडी उपटून बघावेत, तसला प्रकार.

तेवढ्यात महेक कॉलेजातून आली. पर्स खांद्यावरून न उतरवताच तिनं शेजारच्या मशीनवर दुसरीच एक साइट उघडून पाहिली. उघडली.

"लाइन चालू आहे," ती म्हणाली. "फोटो येतो, म्हणजे यांची साइटबी चालू आहे. अडली ती फक्त यादी." मग ती टेबलाखाली वाकली. तिथल्या मोडेमच्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "अब्बा, हात काढा! माल येऊन राह्यला."

"येऊन राह्यला तं दिसून काऊन नाई राह्यला?"

"तुम्ही येऊ द्याल तवा दिसन!"

हेमराजभाऊ हसले. तेच नडलं. गिऱ्हाइकासमोर पोरीनं मास्तरांना शिकवलं होतं.

"तू जलमली नव्हती तवापासून बटना दाबून राह्यलो मी," बशीरभाई म्हणाले. टक.

"बाबा, जराशीक थांबू ना," उर्वशी हळूच म्हणाली.

"भाऊ, नाव नसन तं सांगून टाका," हेमराजभाऊ म्हणाले. "गावची बस निघून जाईन."

यादी कोरी होती. मास्तरांनी ती वाचून दाखवली. "हेमराजभाऊ, नाव असतं तं दिसलं असतं."

"चाल माय," हेमराजभाऊ म्हणाले. उर्वशी दारात एकदा वळली. स्क्रीनकडे नाही, महेककडे बघितलं तिनं. मग गेली.

महेकनं बापाची खुर्ची त्यांच्यासकट मागे ओढली, स्वतः मशीनपुढे उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. कुणी मला हात लावला नाही. पांढऱ्या जागेत ओळी उतरू लागल्या. तिसऱ्याच ओळीत उर्वशीचं नाव होतं.

महेक बसस्टँडवर धावली. गावची बस सुटली होती. त्या गावात फोन नव्हता, आणि संध्याकाळ कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या गावी जायला निघाली, तर बशीरभाई दारात आडवे झाले. "जागा तं गेली. आता सांगून त्या मानसाचा जीव कायले जाळतं?" मोठ्यांची दया ही अशी असते. त्यांची चूक तिच्याखाली बरोब्बर झाकली जाते. महेक त्या दिवशी थांबली, आणि पुढे बरेच दिवस बापाशी बोलली नाही.

धान निघाल्यावर हेमराजभाऊ पुन्हा आले. एकटेच. उर्वशीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. बशीरभाईंनी हौसेनं चहा मागवला, गणपतीचं चित्र निवडलं आणि टाइप केलं, चि. सौ. कां. उर्वशी. नाव तत्क्षणी उमटलं. इथं कुठली लाइन लागत नाही.

महेक मागे उभी होती. "काका, तिचं नाव होतं," ती म्हणाली. "त्या यादीत. तिसरं."

बशीरभाईंचा हात थांबला. हेमराजभाऊंनी स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "आता तारीख ठरली."

आणि बशीरभाईंना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी मला दाबलं. पत्रिकेवर माझा उपयोग तरी काय! केवळ सवय.

महेकनं केसातली पिन काढली, माझ्याखाली घातली आणि मला उचकटून काढलं. "आता दाबा, अब्बा."

आता मी टेबलाच्या खणात पडून आहे, स्टेपलरच्या पिना आणि वाळलेल्या स्टँपपॅडच्या संगतीत. मला वाटलं होतं, सुटले. पण कळ निघाली तरी तिच्याखालचा रबराचा उंचवटा जागेवरच राहतो. तो दाबला तरी काम तेच होतं. बशीरभाईंनी ते दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. आता ते पेनाचा मागचा भाग वापरतात.

तुमच्यापुढे कधी असं कोरं पान आलं तर हात मागे बांधा आणि तो हिरवा दिवा बघा. आणि शेजारी कुणी पोरगी थांबा म्हणत असेल, तर तिचं ऐका. मी खणात आहे, मला अडवता येत नाही. बाहेर आत्ताही कुणीतरी यादी बघायला आलंय. वर पेनाचा आवाज येतोय.