सैरीचं हविष

कार्तिकात पुरीला राहून महिनाभर हविषाचं व्रत धरायचं तर बाईची पाळी थांबलेली हवी, नाहीतर मध्येच विटाळ येतो आणि व्रत जातं. त्यामुळे मी पुरीला निघाले की माझी धाकटी जाऊ सैरिंध्री मला बसमध्ये बसवून द्यायची आणि तोंड पाडून घरी परतायची. अशी नऊ वर्षं गेली. यंदा बावन्नाव्या वर्षी तिची सुटका झाली. पण सुटका एकटी आली नाही, साखर घेऊन आली.

केंद्रापाड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी थांबली की अंगातलं इस्ट्रोजेन आटतं, मग साखर पूर्वीसारखी आवरत नाही. ही गोळी घ्या, पण जेवणासोबतच. जेवण नाही तर गोळी नाही. उपाशीपोटी घेतलीत तर साखर एकदम खाली जाईल, घाम फुटेल, बरळायला लागाल. तसं झालं तर लगेच साखर खायची."

मी शेजारीच बसले होते. कान बरोबर नेले होते, अक्कल घरी ठेवली होती.

हविषाचं जेवण दिवसातून एकदा, पूजा आणि पुराण उरकून दुपार कलल्यावर. अरवा, म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात, मूग, कच्चं केळं, वर तूप. हळदसुद्धा चालत नाही.

"त्या पानावर औषध घेऊन बसणार होय गं?" धर्मशाळेत पहिल्याच दिवशी मी तिला म्हणाले. "पहाटे स्नानाआधी गिळून टाक."

"पण अपा, डॉक्टरीणबाई तर..." मला ती अपा, म्हणजे ताई म्हणते.

"त्यांनी कधी हविष धरलंय?"

दुसऱ्या पहाटेपासून ती स्नानाआधी गोळी गिळायला लागली.

अकराव्या दिवशी तुळशीपुढे रंगांचं मुरुज, म्हणजे आमची रांगोळी, घालताना तिचा हात थरथरायला लागला. कमळ वाकडं आलं. चेहरा घामाने निथळत होता. आम्ही चाळीसजणी, सगळ्या त्या वयातून गेलेल्या. अंगातली ती आग आमच्याइतकी कोणाला ठाऊक!

"आली गं बाई, नवी नवरी आमच्यात आली!" बालेश्वरच्या पद्मावती माउसी हसल्या. "मी तर ऐन पौषात अंगणात झोपायचे."

"अपा, कसंतरीच होतंय."

"सगळ्यांनाच होतं. बस जरा."

मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, ताडपत्राच्या पंख्याने वारा घातला आणि मीही हसले. पुराण ऐकत अर्धा तास वारा घालत होते.

मग तिने माझा पदर धरला. "बोउ, शाळेला उशीर होतोय. वेणी घाल ना."

तिची बोउ, म्हणजे आई, जाऊन वीस वर्षं झाली. त्या आगीने कोणी बरळत नाही. फाटकापाशी चहाची टपरी होती. तिथून मूठभर साखर उचलून धावत आले.

"अगं, अजून पूजा व्हायचीय! व्रत मोडेल तिचं!" माउसी आडव्या आल्या.

"मोडू दे! बाजूला व्हा!"

तिने दात आवळले होते. बोट ओलं करून मी हिरड्यांना साखर चोळत राहिले. बऱ्याच वेळाने ती बोट चाटायला लागली, तेव्हा मला रडू फुटलं.

दवाखान्यात सलाईन लावलं. तरुण डॉक्टर चिडला होता. "उपाशीपोटी ही गोळी? कोणी सांगितलं होतं?"

चाळीसजणींना हविषाचे नियम शिकवणारी मी, तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

"कोणी नाही," सैरी पडल्या पडल्या म्हणाली. "माझंच चुकलं."

डॉक्टर गेला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"अपा, मोडलं ना?"

"मोडलं गं."

ती रडली नाही.

"पुढच्या कार्तिकात गोळी कधी घ्यायची," ती म्हणाली, "ते मी डॉक्टरीणबाईंनाच विचारीन."

'तुम्हाला नाही' एवढंच काय ते तिने म्हटलं नाही. ते मला ऐकू आलं.