घासलेटाआधी कुरडया

मी शेगडी बोलतेय. भुशाची. आता तर तीही राहिले नाही, पण ते मागाहून. जन्माने मी शेंगदाणा तेलाचा डबा. डबा होते तोवर मला पुरुषांत मोजत. शेगडी झाले नि बायकांत आले. कामं तेव्हापासूनच वाढली, हे काय सांगायला हवं?

धुळ्यात देवपूरला झुंबरअक्कांच्या घरी मी रिकामी झाले. अक्कांनी मला राखेने घासलं, उन्हात पालथं घातलं आणि माझं उभं आयुष्य आखून टाकलं. आधी लेकीच्या, लताच्या लग्नातल्या कुरडया. मग गहू. मग घासलेट. तळ गळायला लागला की कापून शेगडी. गल्लीतले सगळे डबे त्या असेच चालवत. "डबा पुढे जास, मांगे येत नही," हा त्यांचा कायदा. एकदा घासलेट प्यालेल्या डब्यात खायचं कोण ठेवणार?

कायदा गल्लीला पाठ होता. फक्त अक्कांचे यजमान, हिलालनाना, सोडून. नानांना मदत करायची फार हौस.

लग्न पहूरला, मुलाकडे. वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी रेशनवर घासलेट आलं. घरचा कॅन गळका, नि मी समोर चकचकीत बसलेली. नानांनी मलाच उचललं. मला तर पहिल्याच घोटाला उचकी लागली.

अक्का गच्चीवरून कुरडया घेऊन उतरल्या आणि दारातच थांबल्या. वास आला होता.

"लताना बाप, हाई काय शे?"

"घासलेट. लगीनघर शे, लागी म्हनीसन आनं."

"आते कुरडया तुमना खिसामा भरू का?"

फडक्यात बांधून नेल्या असत्या तर एसटीत त्यांचा भुगा झाला असता. आणि विहीणबाई आधीच म्हणून गेल्या होत्या, "बघू धुळ्याच्या कुरडया." लताचे डोळे भरले. पोटात घासलेट असलेल्याने बोलावं काय?

अक्का ओट्यावर बसल्या नि तिथूनच कामं वाटू लागल्या. शेजारच्या पार्वताबाईचा डबा स्वच्छ, पण त्यात शेवया. शेवया गेल्या समोरच्या केसरबाईच्या गव्हाच्या डब्यात. केसरबाईचे गहू कुठे? अक्कांनी शांतपणे नानांकडे पाहिलं.

"तुमनी ट्रंक शे ना?"

ट्रंकेतला लग्नाचा कोट गाठोड्यात गेला, नि नाना डोक्यावर गव्हाची ट्रंक घेऊन गल्लीभर फिरले. लग्नात त्यांचा कोट असा चुरगळलेला, की फोटोवाल्याने त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. ट्रंक पुढे गेली ती गेलीच.

कुरडया मात्र अख्ख्या पोचल्या. पार्वताबाईचा डबा पहूरहून परत आला तो शेंगांनी गच्च भरून. तुमचा कायदा मोडला, म्हणून पार्वताबाई चिडवायला लागल्या. अक्का म्हणाल्या, "भरीसन उना, म्हंजे पुढेच उना."

माझं गहू भरायचं वय असं हुकलं. घासलेट झालं, शेगडी झाले, पुढे घरात गॅस आला आणि मी परसात गेले. परवा भंगारवाला दारात आला. अक्कांनी मला उचलून उन्हाकडे धरलं. तळाला गंजून भोकंच भोकं. आता संपलं, असं मला वाटलं.

"भोकं आयतीच शेत," अक्का म्हणाल्या. "माटी भरा."

आता माझ्या पोटात लताने पहूरहून आणलेला मोगरा आहे. या वयात मला पहिल्यांदाच बरा वास येणार आहे. तेवढ्यात नाना येताना दिसतायत, मदत करायला. नाना, पाणी घाला, जरूर घाला. फक्त हातातल्या त्या कॅनचा आधी वास घेऊन बघा.