दस्तीखालचा भाव

राजेश्वरने गिटार मांडीवर पालथी घेतली, पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली आणि तोंड वाकडं केलं.

"आवाज बसका झालाय बे हिचा," तो म्हणाला. "आन् मान बघ. वाकलीय जराशी."

"वाकली आसंल," सिद्धलिंग म्हणाला. "तिचं बी वय झालं."

मान वाकलेली नव्हती. आवाज तर इतका मोकळा होता की नुसत्या टकटकीने आतली पोकळी क्षणभर घुमत राहिली. पण सिरसाळ्याच्या या ओसरीवर येऊन गिटारीत काहीतरी खोड काढायची, हा राजेश्वरचा वर्षानुवर्षांचा नेम होता. कधी लाकूड जुनं म्हणायचं, कधी खुंट्या ढिल्या म्हणायच्या. एवढं बोलून झालं की मग तीच गिटार मांडीवर घेऊन दुपार कलेपर्यंत वाजवत बसायचं. वाजवणं बेताचंच होतं. अंबाजोगाईला त्याचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत प्लायवूडची एक गिटार होती. हात त्या प्लायवूडमुळे बसत नाही, ही गिटार मिळाली तर बसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. माणसाला अशी एखादी समजूत लागतेच.

गिटार होतीही तशी. कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्याने आपल्या पंचविसाव्या वर्षी अशा फक्त तीस गिटारी हाताने घडवल्या आणि पुढे थोड्याच दिवसांत त्या कारखान्याला कुलूप लागलं. तारांखालच्या गोल भोकातून आत डोकावलं की म्हाताऱ्या कारागिराची सही आणि नंबर दिसायचा: तिसांतली सतरावी. हैदराबादच्या हॉटेलात वाजवणारा एक जण दुबईला निघाला, तेव्हा सिद्धलिंगने ती त्याच्याकडून घेतली होती. सिद्धलिंग दिवसा सिरसाळ्याच्या बैलबाजारात दलाली करायचा आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचा. युसूफ वडगावच्या जत्रेत राजेश्वरने ती पहिल्यांदा ऐकली. जाड तार छेडली की छातीत कुणीतरी हलकेच दार लोटल्यासारखं व्हायचं. त्या रात्रीपासून ती त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच.

मग केजहून परतताना ऑर्केस्ट्राची जीप उलटली. सिद्धलिंग वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं वाकायची थांबली. ऑर्केस्ट्राने नाव तेच ठेवलं आणि चार वादकांच्या जागी एक कीबोर्ड आणला. गिटार भिंतीवर गेली. रुद्राणी, सिद्धलिंगची बायको, रोज तिच्यावरची धूळ पुसायची. ती पुसताना सिद्धलिंग ओसरीवरून उठून जायचा.

गेल्या पंधरवड्यात त्याने एस.टी.डी. बूथवरून दुकानात फोन केला होता.

"गिटार काढायची म्हणतो. वाजवायची वस्तू हाय, टांगून कशापायी ठेवायची? तू त्या पुण्याच्या माणसाचं सांगत होतास न्हाई का."

एवढं बोलून तो थोडा वेळ थांबला होता. मीटर पळत होता तरी थांबला होता. तेव्हाच ‘मला दे’ म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं जिला नावं ठेवली ती एका दमात मागायची कशी? राजेश्वर म्हणाला, "बघतो, बोलावतो त्याला." आणि फोन ठेवल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने खोकल्याऐवजी तापाचं औषध काढून दिलं.

पुण्याच्या माणसाला ही गिटार कळली तीही राजेश्वरच्याच तोंडून. औषधांचा माल आणायला गेला असताना वाद्यांच्या एका दुकानात त्याला खासनीस भेटला. कंपनीत इंजिनिअर, गिटारींचा वेडा. त्या तीस गिटारींचा विषय निघाला आणि राजेश्वरच्या पोटात काही राहिलं नाही. "आमच्या सिरसाळ्यात आहे एक," तो छाती काढून म्हणाला होता. आता त्याच खासनीसची पांढरी मारुती दारात येऊन उभी राहिली.

खासनीस मांजरसुंब्याला नाश्ता करून आला होता. पंचविशी-तिशीचा, सडपातळ, बोलायला गोड. त्याने बूट बाहेर काढले, हात धुतले, रुमालाने कोरडे केले आणि मगच गिटारीला हात लावला. आतली सही बघितली. मग म्हणाला,

"सिद्धलिंगजी, फार सुंदर ठेवलीय तुम्ही. मी या तिसांतल्या दोन पाहिल्या आहेत. ही त्यांच्याहून छान आहे."

राजेश्वरला वाटलं होतं, माणूस नुसता हौशी असेल, काचेच्या कपाटात ठेवणारा. तसा असता तर बरं झालं असतं. पण खासनीसने तारा जुळवल्या आणि वाजवायला सुरुवात केली. काय वाजवत होता ते राजेश्वरला ओळखता आलं नाही. गोठ्यातला बैल रवंथ थांबवून बघू लागला. रुद्राणी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थबकली. सिद्धलिंगने डोळे मिटले होते आणि त्याच्या डाव्या हाताची उरलेली बोटं गुडघ्यावर हलत होती.

आपल्याला हिच्यातून असं काही कधीच काढता येणार नाही हे राजेश्वरला स्वच्छ कळलं, आणि तरीही ती आपल्यालाच हवी हेही तेवढंच स्वच्छ कळलं.

चहा झाला. खासनीसने कप खाली ठेवला.

"तुमची अपेक्षा सांगा. मी घासाघीस करणार नाही."

सिद्धलिंग हसला. "माझ्या तोंडून भाव निघायचा न्हाई, साहेब. आमचा सारा जलम बाजारात गेला. आमच्यात भाव बोलत न्हाईत, बोटानं सांगत्यात."

त्याने खांद्यावरची दस्ती काढली आणि झटकली. लाल काठाचा रुमाल, धुऊन धुऊन मऊ झालेला. खासनीसला मौज वाटली. सिद्धलिंगने त्याला रीत समजावून दिली. दस्तीखाली हातात हात द्यायचा. एक बोट दाबलं की एक हजार, सगळा पंजा दाबला की पाच. वाढवायचं असेल तर पुन्हा दाबायचं. समोरच्याने हात धरून ठेवला तर कबूल, सोडला तर नको. बाजूच्या माणसाला काही कळत नाही, कुणाचा पाणउतारा होत नाही.

"आन् मधी माणूस लागतो," तो म्हणाला. "राजू हाय की. ये, बस हितं."

राजेश्वर त्याच्याजवळ सरकला. सिद्धलिंगने दस्ती दोघांच्या हातांवर टाकली आणि त्याचा हात धरला. त्याचा तळवा गरम होता. त्याने राजेश्वरची पहिली दोन बोटं धरली, सावकाश दाबली, आणि तशीच धरून ठेवली.

दोन हजार.

राजेश्वरने त्याच्याकडे बघितलं. सिद्धलिंग गोठ्याकडे बघत होता. दोन हजारांत आता कुठे बरं प्लायवूडही मिळत नव्हतं. परदेशी माल दुकानांत यायला लागल्यापासून असल्या जुन्या हातघडणीच्या वस्तूंना उलट मोल आलं होतं, आणि या शहाण्याला त्याचा पत्ताच नव्हता. कसा असणार? बसका आवाज, वाकडी मान, ढिल्या खुंट्या. एवढी वर्षं दुसरं काही त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. भाव पाडला राजेश्वरने, आणि त्या पाडलेल्या भावात ती पुण्याला जाणार.

त्याला राग आला. सिद्धलिंगचा, खासनीसचा, सगळ्यांत जास्त स्वतःचा. रागाच्या त्या भरातच त्याच्या डोक्यात ती युक्ती आली. दस्तीखाली काय झालं हे या दोघांना एकमेकांकडून कधी कळणार आहे? खासनीसला असा आकडा सांगायचा की गडी चहाचे आभार मानून गाडीत बसेल. मग संध्याकाळी आपण म्हणायचं, जाऊ दे बे सिद्ध्या, कुणी घेत नाही तर मीच ठेवतो, दोन हजार घे. म्हणजे खोड काढलेलीही खरी ठरेल आणि मैत्रीत उपकारही केल्यासारखं होईल.

त्याने हात सोडला.

सिद्धलिंगने मान वळवून त्याच्याकडे क्षणभर बघितलं. चोराच्या मनात चांदणं; राजेश्वरने दस्ती उचलली आणि खासनीसपुढे जाऊन बसला.

खासनीसचा हात मऊ होता, फक्त बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे. राजेश्वरने पंजा दाबला. पाच. पुन्हा दाबला. दहा. खासनीसच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. राजेश्वरने दम घेतला आणि तिसऱ्यांदा दाबला. पंधरा हजार! त्या काळात सिरसाळ्याच्या बाजारात खिलारी बैलजोडीचा भावसुद्धा एवढा सांगताना माणूस बिचकायचा. मग तो हात सुटायची वाट बघत बसला.

हात सुटला नाही.

त्याला वाटलं, याला हिशेब समजला नसेल. त्याने स्वतःच हात काढून घ्यायला बघितला, पण खासनीसने धरलेला हात आणखी घट्ट केला आणि हसून म्हणाला,

"धरून ठेवला म्हणजे कबूल, असंच ना?"

"तसंच," सिद्धलिंग ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला. "झाला सौदा. हाताला हात लागला, आता माघार न्हाई."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. राजेश्वर दस्तीची घडी घालत राहिला. बोलायचं असतं तर अजूनही बोलता आलं असतं. चूक झाली, आकडा चुकला, असलं काहीतरी. पण चूक नेमकी कोणती सांगायची हे त्याला सुचेना.

खासनीसने पिशवीतून नोटा काढल्या, पंधरा हजार मोठ्याने मोजले आणि दोन्ही हातांनी सिद्धलिंगपुढे धरले. सिद्धलिंग त्या नोटांकडे बघतच राहिला. मग त्याने राजेश्वरकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. नोटा न मोजता त्याने रुद्राणीच्या हातात दिल्या. तिने त्या देवळीतल्या महादेवापुढे ठेवल्या, मग गिटारीला विभूतीचं बोट लावलं आणि पदराने लगेच पुसूनही टाकलं, साहेबांची वस्तू खराब व्हायला नको म्हणून.

"असू द्या हो वहिनी," खासनीस म्हणाला. "पुसू नका."

मागच्या सीटवर चादर अंथरून गिटार आडवी ठेवली गेली. आठवड्यातून दोनदा तरी वाजवीन, असा शब्द खासनीसने न मागता दिला. गाडी बैलबाजाराच्या मैदानाला वळसा घालून तेलगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिघंही दारात उभे होते. राजेश्वरला वाटलं, आता सिद्धलिंग रडेल. पण तो शांत होता. राजेश्वरचेच डोळे भरून आले आणि त्याने धुळीचं निमित्त केलं.

जेवायला बसल्यावर रुद्राणीने पहिलं ताट राजेश्वरपुढे ठेवलं. घरधन्याच्या आधी पाहुण्याला वाढतातच, पण आज तिने भाकरीवर लोण्याचा गोळाही ठेवला.

"घ्या भावजी," ती म्हणाली. मग उरलेल्या भाकरी थापायला ती आत गेली.

सिद्धलिंगने घास घेतला नाही. तो मिठाच्या कणांशी चाळा करत होता.

"राजू, मला एवढी वर्षं कळत नव्हतं का रे?" तो म्हणाला. "बाजारातला माणूस मी. ज्याला जनावर नको असतं तो निघून जातो. ज्याला लई हवं असतं तोच दात मोजतो, खूर बघतो, खोड काढतो. तू दर खेपंला खोड काढायचास, आन् मी म्हणायचो, मागंल एक दिवस."

राजेश्वर लोण्याचा गोळा भाकरीवर पसरू लागला.

"म्हणून आज आधी तुझा हात धरला. आमच्यात रीतच हाय. बाहेरचं गिऱ्हाईक दारात बसलेलं असलं तरी पहिला हात शेजाऱ्याचा, आपल्या माणसाचा. त्यानं धरून ठेवला तर बाहेरच्याला भाव सांगायचाच न्हाई. चहा पाजून वाटंला लावायचं. दोन हजार मी तुला सांगितले होते. त्याला न्हाई. तेबी म्हणलं, फुकट दिली तर तू घ्यायचा न्हाईस."

गोठ्यात बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"तू हात सोडलास, तवा मला वाईट वाटलं," सिद्धलिंग म्हणाला. "म्हणलं, ह्याला नकोच व्हती का काय. आन् मग तू तिकडं जाऊन पंधरा करून आलास. तवा समजलं. जीव टांगला व्हता तुझा तिच्यावर, दोनाला मिळत व्हती, तरी माझ्या घराकडं बघून सोडलीस. असं कोण करतं रे? सख्खा भाऊ करायचा न्हाई."

डोळ्यांना दस्ती लावत त्याने विचारलं,

"पहिला हात तुझाच हाय, हे म्हाईत व्हतं ना तुला?"

स्वयंपाकघरातला थापण्याचा आवाज थांबला होता. रुद्राणी ऐकत असावी.

"व्हतं की," राजेश्वर म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला.