घारापुरीवरचा लेख

वाशीच्या वाचनालयाची सहल घारापुरी बेटावर आली होती. दुपारी लेण्यांपुढे इसाक मास्तर आपला लेख वाचणार होते. चार जाडजूड पुस्तके पालथी घालून त्यांनी तो लिहिला होता. बेटावर मात्र ते आजच पहिल्यांदा आले होते.

मंडळींच्या गप्पांतून अंग काढून मास्तर एकटेच फिरायला गेले आणि वाट चुकून राजबंदर गावात पोचले. एका घराच्या अंगणात जवळा वाळत होता. त्या घरच्या हिराबाईने पाण्याचा तांब्या पुढे धरला.

"बसा, बाबा. इहीर लांब हाय, पन पानी गोड हाय."

"तुम्ही इथेच राहता?"

"मंग? माझी सासू, तिची सासू, समद्या इथंच नांदल्या. तुमाला काय वाटलं, इथं निस्ती माकडंच हायत?"

मास्तरांचे कान तापले. लेखात त्यांनी नेमके तेच लिहिले होते.

"हातात कागद कसले?"

"बेटावरचा लेख. दुपारी वाचायचाय."

"मंग मी पन येते ऐकाला."

आणि दुपारी ती खरेच लेण्यांपाशी येऊन पुढे बसली. माकडांच्या त्या वाक्यापाशी मास्तर वाचायचे थांबले. ते गुपचूप गाळता आले असते.

"इथे मी बेट निर्जन आहे, नुसती माकडंच आहेत असं लिहिलंय," ते म्हणाले. "ते खोटं आहे. सकाळी मी यांच्याच घरचं पाणी प्यालो."

मान मात्र त्यांना वर करवली नाही.