तिरक्या अक्षराचा डॉलर

जुना चांदीचा डॉलर भिंगवाल्याच्या तळहातावर आला, की दोन मिनिटांत खऱ्या-खोट्याचा निकाल लागायचा. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे. आज मात्र टपालानं आलेल्या नव्या कॅटलॉगचं एकच पान उघडून तो तासभर बसून होता.

पानावर एका डॉलरचा फोटो होता. गरुडाच्या शेपटीखालचं, नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारं अक्षर डावीकडे कललेलं. खाली लिहिलं होतं, साच्यावर हातानं ठोकताना अक्षर तिरकं बसलं. नाणं अस्सल, प्रकार दुर्मीळ.

अगदी असाच डॉलर बावीस वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं मंडळात आणला होता. मेहुण्याचं तेव्हा नाण्यांचं दुकान होतं. साध्या डॉलरवर कमी नाणी पाडणाऱ्या दुसऱ्याच टांकसाळीचं अक्षर चिकटवून तो दुर्मीळ म्हणून गळ्यात मारणारे भामटे पुष्कळ, म्हणून अक्षराच्या बुडाशी जोडाची रेघ शोधायची असते. भिंगवाल्यानं ती शोधलीच नाही. अक्षर तिरकं दिसलं आणि 'चिकटवलेलं' म्हणून हा मोकळा झाला. चाळीस माणसं बघत होती ना! आपण घरच्या माणसालाही सोडत नाही, हे त्याला मिरवायचं होतं. खोटं नाणं पुन्हा विकलं जाऊ नये म्हणून त्यावर छिन्नीचा घाव घालायचा, असा मंडळाचा रिवाज. तो घावही यानंच घातला आणि टाळ्या घेतल्या. मेहुण्याचं दुकान सहा महिन्यांत बंद पडलं.

दुपारी कॅटलॉग काखेत मारून तो बहिणीकडे गेला. मेहुणा गॅलरीत कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. आता दुरुस्तीवरच घर चालायचं.

"तो डॉलर आहे का हो अजून?"

मेहुण्यानं काही न विचारता ड्रॉवरमधून काढून दिला. भिंगवाल्यानं भिंग डोळ्याला लावलं. अक्षराच्या बुडाशी रेघ नव्हती, चांदी सलग होती.

"मेहुणे, खरा आहे हा. माझं चुकलं."

"ठाऊक आहे. त्याच दिवशी घरी येऊन बघितलं मी."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

मेहुण्यानं चिमटा खाली ठेवला. "हिला आई नाही, वडील नाहीत. माहेर म्हणजे तुम्ही एकटे. चार लोकांत तुम्हाला खोटं पाडलं असतं, तर पुन्हा या घरात पाऊल ठेवलं असतंत, दादा?"

नसतंच ठेवलं. भिंगवाल्याला स्वतःचा मनापासून तिटकारा आला.

बहीण चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, तुझ्या शब्दावर विसंबून मी बावीस वर्षं यांना लबाड म्हणत आले," ती म्हणाली. "जरा भांडण झालं की तेच. पोरीच्या सासरी यांना सोबत न्यायची लाज वाटायची मला."

"मी मंडळात सगळ्यांसमोर सांगतो. उद्याच सांगतो."

"सांग, नाहीतर नको सांगूस." ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! माझ्यासाठी म्हणे गप्प बसलात. मला माहेर हवं की नवरा, हे एकदा तरी विचारलंत का मला?"

ती कप तसेच घेऊन आत गेली, आणि दोघांपैकी एकाचीही तिला हाक मारायची छाती झाली नाही.