कोंडाबाईंची मोटार

मालविकाला भीती वाटायला कारण लागत नसे; कारण ती मागाहून शोधून काढायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. असल्यामुळे ते सापडायचंही पटकन. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी येणारा. लातूरच्या भाड्याच्या घरात ती आणि अकरा महिन्यांचा मिहिर. नळ आठ दिवसांनी एकदा, दोन तास. हौद भरला तर आठवडा निभायचा. नाही भरला, तर लेकराच्या दुपट्यांपासून दुधाच्या बाटल्यांपर्यंत सगळ्याचीच पंचाईत.

आज गल्लीभर नळ आला होता. शेजारी कोंडाबाईंच्या अंगणात पाइप नुसता उसळत होता. मालविकाच्या हौदात थेंब नाही.

"त्यांनी थेट लाइनला मोटार लावली असणार," ती फोनवर नवऱ्याला म्हणाली. "सगळं पाणी ओढून घेतायत."

"तू बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? आवाज येतोय की."

आवाज मिक्सरचा होता, हे चटणीचा वास आल्यावर कळलं. पण तोवर मत बनून गेलं होतं.

तासाभराने प्लंबर विनोद आला. महिन्यापूर्वी त्यानेच नवा कॉक बसवून दिला होता. मालविकाने चार व्हिडिओ पाहून ठेवले होते, त्यामुळे काम त्याचं आणि सूचना तिच्या, अशी वाटणी झाली. हौद भरला की पाणी थांबवणारा फुगा हलवून पाहिला. मीटरची जाळी काढून धुतली.

"लाइनमध्ये हवा अडकली असेल," ती म्हणाली.

"असंल." विनोदने घड्याळ बघितलं. "ताई, नळ जायला धा मिनिटं हायेत. तेवढा कॉक बघू द्या."

कॉक खड्ड्यात होता. खड्ड्यावर फरशी, कारण मिहिर बोटं घालील. फरशीवर वाळूची गोणी, कारण मिहिर फरशी सरकवील. मिहिर अजून धरल्याशिवाय उभाही राहत नव्हता.

विनोदने गोणी ओढली, फरशी उचलली. कॉकची दांडी आडवी होती.

"बंद कुणी केला?"

मालविकाला सगळं आठवलं. मागच्या खेपेला हौद भरल्यावर तिनेच केला होता. कोंडाबाईंच्या मोटारीने आपलं पाणी उलटं ओढू नये म्हणून.

"नवे कॉक कधी कधी आपोआप..."

"पितळी हाय, ताई. सोताहून फिरत न्हाई."

दांडी उभी झाली, हौदात वीतभर पाणी साठलं आणि नळ गेला.

भिंतीवरून कोंडाबाईंचं डोकं वर आलं. "भरला का गं हौद?"

"नाही ना, मावशी."

"मग तोंड काय पाडून राहिलीस? पाइप धर. मोटार लावते."

मोटार खरंच होती. त्यांच्या हौदातलं पाणी गच्चीवर चढवायला. आज मोटारीने ते भिंतीपलीकडे टाकलं. मालविका पाइपचं तोंड धरून उभी राहिली, आपला हौद गळ्यापर्यंत भरेस्तोवर.

"आता कॉक लावून घे बाई," कोंडाबाई म्हणाल्या. "माझी मोटार लई वढाळ हाय."

मालविकाचे कान तापले. "तुम्हाला ऐकू आलं?"

"भिंत चार इंची हाय."

मालविकाने कॉक उघडाच ठेवला. मोबाइलमध्ये आठ दिवसांनंतरची आठवण लावली: 'कॉक उघडा आहे का बघणे.' मग विचार करून ती रोजची केली. फरशी ठेवली, गोणी मात्र ठेवली नाही. आणि दिवेलागणीपर्यंत हौदात फक्त दोनदा डोकावली.