बाटलीवरची दोन अक्षरं

मी एक जुना रेणू आहे. जुना म्हणजे काही दिवसांचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. रोसारिओ शहरातल्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या पेशी वाढवल्या होत्या. पिल्लाचं काय झालं ते विचारू नका, मित्रांनो. त्यांतल्या एका पेशीने मला घडवलं आणि आपल्या बाहेरच्या कडेवर उभं केलं.

माझं व्रत एकच: शेजारच्या पेशीवरच्या माझ्यासारख्याच रेणूचा हात धरायचा. बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम सांध्यांत बसलं, की हात ताठ राहतो. हात धरला, की पेशीची दारं उघडतात, कॅल्शियमची लाट आत शिरते आणि रंग घातलेली पेशी हिरवी उजळते.

"बोलायला लागलात गं बायांनो!" भिंगाला डोळा लावून एदेल्मिरा म्हणायची. ती दूर उत्तरेकडच्या हुहुईच्या डोंगरातली. प्रयोगशाळेत कायमची जागा एकच होती, आणि आज दुपारी ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या परीक्षकांना दाखवायला तिच्याकडे आमचीच बशी होती. सोबतच्या गास्पारलाही तीच जागा हवी होती.

बशीतलं पाणी बदलायचं होतं. तिने बाटली उचलली. वर 'एस. सी.' एवढंच.

"गास्पार, हे 'सोलुसिओन दे काल्सिओ', कॅल्शियमचं द्रावणच ना? की 'सिन काल्सिओ', कॅल्शियमविना?"

बाटली त्यानेच भरली होती. तो नळीने माते, तिकडचा कडू चहा, ओढत राहिला. "काय गं डोंगरवाले, तुमच्या शाळेत लामा जनावरं शिकवायची का?"

"सांग ना रे, परीक्षक जिन्यात आलेत."

"अगं, कॅल्शियमचंच. ओत बिनधास्त."

तिने ओतलं. माझ्या सांध्यांतलं कॅल्शियम निघून गेलं, हात लुळा पडला. पलीकडच्याने मला धरायची धडपड केली, पण त्याचाही हात गळलेला. बशीभर हात सुटत गेले. हिरवा उजेड विझला.

परीक्षक बाई भिंगातून पाहून म्हणाल्या, "मुली, इथे तर अंधार आहे."

"हिची घाईच फार," गास्पार हळहळला.

"तूच म्हणालास ना, ओत म्हणून!"

"मी? मी तर माते पीत होतो."

बाई हसल्या आणि त्याच्या टेबलाकडे वळल्या.

मित्रांनो, विश्वासाने विचारणाऱ्याला खोटं सांगू नका. एवढंच मागणं आहे माझं, आणि वेळही तेवढाच आहे. एदेल्मिराने आमची बशी पेशी मारणाऱ्या ब्लीचच्या भांड्यावर धरली आहे.

"आटप की," गास्पार म्हणतो. "बशी धुऊन दे, मला लागणार आहे."

ती बशी कलती करते.